दोघांचेही डोळे काळे, मग मूल घारं कसं? – डोळ्यांच्या रंगाचा वारसा

परितारिका
शाळेत आईबापांची जनुकं मांडून मुलांचे गुण काढायचा तो पुनेट चौकोन बहुतेकांना आठवत असेल. तपकिरी रंग प्रभावी, निळा अप्रभावी, आणि दोन निळ्या डोळ्यांच्या आईबापांना तपकिरी डोळ्यांचं मूल होणं अशक्य. हा नियम १९०७ च्या सुमारास मांडला गेला. अमेरिकेत चार्ल्स आणि गर्ट्रूड डेव्हनपोर्ट या दांपत्याने आणि इंग्लंडमध्ये चार्ल्स हर्स्ट यांनी, स्वतंत्रपणे, घराण्याघराण्यांच्या नोंदी घेऊन. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी पाठ्यपुस्तकांतून तो पुरता हललेला नाही, आणि आपल्याकडच्या घाऱ्या डोळ्यांना लावायला गेलं की हमखास अडतो. म्हणून हा धागा.

आधी रंग येतो कुठून ते पाहू. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, म्हणजे परितारिकेला, मागच्या बाजूने गडद पेशींचा थर असतो. तो काळ्या डोळ्यांत असतो आणि निळ्या डोळ्यांतही असतो. फरक पडतो पुढच्या विरळ थरात किती मेलॅनिन साठलंय याने. भरपूर असेल तर डोळा काळा-तपकिरी दिसतो. अगदी कमी असेल तर आत शिरलेल्या प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतो आणि डोळा निळा दिसतो. माणसाच्या डोळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच. हिरवे, घारे, मधासारखे डोळे या दोन टोकांच्या मधले: थोडं मेलॅनिन, थोडा विखुरलेला प्रकाश. रंगपेशींची संख्याही निळ्या आणि तपकिरी डोळ्यांत साधारण सारखीच असते. कमीजास्त होतं ते प्रत्येक पेशीतल्या मेलॅनिनच्या कणांचं प्रमाण.

म्हणजे वारशाने जो मिळतो तो 'रंग' नव्हे, मेलॅनिन किती तयार व्हायचं त्याचा हिशेब. आणि हा हिशेब एकट्या जनुकाच्या हातात नाही.

सगळ्यात मोठा वाटा १५ व्या गुणसूत्राचा. तिथल्या ओसीए२ या जनुकापासून एक प्रथिन बनतं. मेलॅनिन ज्या पिशव्यांमध्ये तयार होतं त्यांच्यातली आम्लता हे प्रथिन कमी ठेवतं, कारण मेलॅनिन बनवणारं टायरोसिनेज आम्लात नीट काम करत नाही. ओसीए२ चालू ठेवणारा खटका मात्र त्याच्या स्वतःत नाही. तो डीएनएची सुमारे २१ हजार अक्षरं अलीकडे, शेजारच्या हर्क२ या जनुकाच्या ८६ व्या इंट्रॉनमध्ये (जनुकातल्या, प्रथिनात न उतरणाऱ्या तुकड्यात) आहे. तिथे एका जागी 'ए' हे अक्षर असेल तर डीएनएची घडी पडून खटका ओसीए२ ला जाऊन भिडतो आणि जनुक जोरात चालतं. 'जी' असेल तर ही पकड ढिली पडते. डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनी २००८ मध्ये ही जागा दाखवली. घडी कशी पडते ते नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये उलगडलं.

या जागेचं नाव आरएस१२९१३८३२. खाली तिला 'खटका'च म्हणू.

आंबटगोड
+१. कानाची पाळी आणि जीभ वळवणं यांचीही अशीच हजेरी घ्या एकदा.

कोकणकडा
लेख छान, पण एक शंका. दोघांकडे एकेक 'जी' असेल तर चारात एक मूल 'जीजी', म्हणजे निळं. मग शाळेतला चौकोनच बरोबर ठरला की! फक्त जनुकाचं नाव नवीन. नियम मोडला कुठे?

परितारिका
@कोकणकडा, प्रश्न रास्त आहे. युरोपात निळा विरुद्ध तपकिरी एवढंच पाहिलं तर चौकोन बऱ्यापैकी चालतो, म्हणून तर तो इतकी वर्षं टिकला. मोडतो तो तीन ठिकाणी.

पहिलं, 'एजी' असलेला डोळा बहुतेक वेळा तपकिरी असतो, पण नेहमीच गडद नसतो. फिकट तपकिरी, घारा, कधी हिरवटही असू शकतो. एका प्रतीने काम भागतं, पण पुरेपूर भागतंच असं नाही.

दुसरं, 'जीजी' म्हणजे निळाच असंही नाही. बाकीची जनुकं जोरात असतील तर तो घारा किंवा हिरवट राहतो. ओसीए२ मध्येच एक बदल आहे (आरएस१८००४०७), तो हिरव्या-घाऱ्या छटांशी जोडलेला आढळतो. त्याशिवाय एसएलसी२४ए४, एसएलसी४५ए२, टीवायआर (टायरोसिनेजचं जनुक), आयआरएफ४ ही नेहमीची मंडळी. २०२१ मध्ये जवळपास १ लाख ९५ हजार लोकांच्या डीएनएचा अभ्यास छापून आला, त्यात डोळ्याच्या रंगाशी निगडित ६१ जागा निघाल्या, पैकी ५० नव्या. त्यातलं एक महत्त्वाचं निरीक्षण असं की आशियाई लोकांच्या डोळ्यांत तपकिरीच्या ज्या छटा दिसतात, त्यांच्यामागेही बरीचशी तीच जनुकं आहेत.

तिसरं, खटका आपल्याच गुणसूत्रावरच्या ओसीए२ ला चालवतो, समोरच्या जोडीदार गुणसूत्रावरच्या नाही. त्यामुळे नुसता 'ए' मोजून भागत नाही. त्याच गुणसूत्रावरचं ओसीए२ धड आहे का, हेही बघावं लागतं.

निवांत
म्हणजे दोन निळ्या डोळ्यांच्या आईवडिलांना तपकिरी मूल होऊ शकतं?

परितारिका
होऊ शकतं. क्वचित, पण होतं. कसं ते बघा. आईकडे खटका 'ए', त्याच गुणसूत्रावरचं ओसीए२ ही ठीक. पण दुसरीकडे, समजा टायरोसिनेजच्या किंवा एसएलसी४५ए२ च्या दोन्ही प्रती कमजोर, म्हणून मेलॅनिन कमी आणि डोळे निळे. वडील सरळ 'जीजी', त्यांची बाकीची जनुकं ठणठणीत. मुलाने आईकडून चालू खटका उचलला आणि वडिलांकडून दुसऱ्या जनुकाची चांगली प्रत उचलली, की मेलॅनिन तयार व्हायला अडथळा उरला नाही. डोळे तपकिरी.

याउलट आईच्या 'ए' असलेल्या गुणसूत्रावरचं ओसीए२ च बिघडलेलं असेल, तर तो 'ए' मुलाच्या काही उपयोगाचा नाही. वडिलांकडून आलेलं ओसीए२ चांगलं असलं तरी त्याच्या शेजारचा खटका 'जी'. मूल निळंच राहणार.

डॉ_टॉर्च
वरच्या उत्तराला मुंबईचंच एक जोड उदाहरण देतो. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट नोंदवला. त्यात ए-बी-ओ चं जनुक शाबूत असतं, पण त्याच्या आधीच्या टप्प्यावरचं 'एच' जनुक दोन्ही प्रतींत निकामी. नेहमीच्या तपासणीत रक्त 'ओ' दिसतं, आणि तरी मुलाला 'ए' किंवा 'बी' देता येतं. एक जनुक दुसऱ्याला झाकतं तेव्हा पृष्ठभागावर दिसणाऱ्या गुणावरून नातं ठरवणं किती धोक्याचं, हे यातून कळावं. डोळ्यांच्या रंगावरून पितृत्वाचा संशय घेणाऱ्यांना एकच सांगणं: हा पुरावा नाही. तो प्रश्न डीएनए चाचणीचा, आणि त्या चाचणीत डोळ्यांचा रंग बघतच नाहीत.

पुनेटचौकोन
आकडेमोडीशिवाय धागा फिका वाटतोय, म्हणून भर घालतो. समजा एखाद्या समाजात 'जी' चं प्रमाण ७ टक्के आहे (दक्षिण आशियाई नमुन्यांत ते एकअंकी टक्क्यांतच येतं, युरोपात निम्म्याहून जास्त). मग 'जीजी' लोक ०.०७ × ०.०७, म्हणजे दोनशेत एक. एकेक 'जी' बाळगणारे २ × ०.९३ × ०.०७, म्हणजे शंभरात १३. घाऱ्या किंवा निळ्या एका माणसामागे 'जी' लपवून फिरणारे २६ गडद डोळ्यांचे लोक. 'आमच्यात कुणाचेच नाहीत' या वाक्यात फार दम नाही, तो याचमुळे.

आता जोडप्यांचा हिशेब. फक्त खटका धरतोय, बाकी जनुकं बाजूला.

एक जोडीदार 'जीजी', दुसरा गडद, त्याच्या घरचं काही माहीत नाही: दर बाळंतपणाला 'जीजी' मुलाची शक्यता सुमारे ६.५ टक्के.

एक गडद, पण आई किंवा वडील 'जीजी' (म्हणजे स्वतःकडे एक 'जी' नक्की), दुसरा गडद आणि अज्ञात: ३.३ टक्के.

दोघेही गडद, दोघांचेही आईवडील गडद, पण दोघांनाही एकेक 'जीजी' भावंड: २/३ × २/३ × १/४ = १/९, म्हणजे ११ टक्के. इथे २/३ का, १/२ का नाही, हे विद्यार्थी हमखास चुकतात. माणूस स्वतः गडद आहे हे आपल्याला आधीच कळलंय, म्हणजे चारातलं 'जीजी' घर बाद. उरलेल्या तीनपैकी दोन घरांत एक 'जी' आहे.

प्रमाण ७ ऐवजी २० टक्के धरलं, समाज लहान आणि लग्नं आपसांतच होत असली, तर पहिल्या जोडप्याचा आकडा थेट १६.७ टक्क्यांवर जातो. एखाद्या पोटजातीत घारे डोळे वारंवार दिसतात आणि शेजारच्या गावात दिसत नाहीत, याला एवढं गणितही पुरतं.

कोकणकडा
आलंच ते. कोकणस्थ म्हटलं की घारे डोळे, आणि घारे डोळे म्हटलं की समुद्रातून वाहून आलेल्या जहाजाची दंतकथा. यात काही तथ्य?

परितारिका
दंतकथा ती दंतकथा. खटक्याची 'जी' आवृत्ती युरोपपासून पश्चिम आणि मध्य आशियातून भारताच्या वायव्येपर्यंत कमीजास्त प्रमाणात पसरलेली आहे. डेन्मार्क, तुर्कस्तान आणि जॉर्डनमधल्या निळ्या डोळ्यांच्या लोकांत या जागेभोवतीचा डीएनएचा तुकडा जवळपास एकसारखा निघाला, म्हणून हा बदल बहुधा एकदाच घडला असं मानतात. तो जुनाही आहे. इटलीत विलाब्रुना इथे सापडलेल्या सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीच्या माणसात तो आहे. स्पेनमधल्या ला ब्रान्याच्या ७ हजार वर्षं जुन्या शिकाऱ्यातही आहे, आणि त्याच्या डीएनएवरून त्याची त्वचा सावळी असावी असा अंदाज आहे.

एवढ्या जुन्या आणि पसरलेल्या आवृत्तीवरून कुणाचं मूळ गाव किंवा जहाज सांगता येत नाही. मूळची माणसं थोडी, त्यांच्यात योगायोगाने 'जी' जरा जास्त, आणि पुढे पिढ्यानपिढ्या आपसांत लग्नं, एवढ्याने प्रमाण वाढतं. शिवाय घारे डोळे सारस्वतांत आहेत, मराठ्यांत आहेत, कोकणी मुसलमानांत आहेत. ठसा एकाच जातीवर बसला, इतकंच.

गोरेपणाचीही गल्लत नको. त्वचा उजळ करणारी एसएलसी२४ए५ ची आवृत्ती भारतात भरपूर आढळते, पण तिच्या एकटीच्या जोरावर डोळा निळा होत नाही. म्हणूनच गोरीपान त्वचा आणि काळेभोर डोळे ही जोडी आपल्याकडे इतकी सहज दिसते.

निवांत
बाळाचे डोळे जन्मतः निळसर असतात आणि मग काळे होतात म्हणतात. कधीपर्यंत थांबायचं?

डॉ_टॉर्च
'सगळी बाळं निळ्या डोळ्यांची जन्मतात' हे मुळात खरं नाही. कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयात १९२ नवजात बाळं तपासली, त्यांत सुमारे ६३ टक्क्यांचे डोळे जन्मतःच तपकिरी होते. भारतीय बाळांचे बहुधा सुरुवातीपासून गडदच, फार तर राखाडी झाक असलेले. मेलॅनिन साठत जाईल तसा रंग गडद होतो. मोठा बदल पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत, त्यानंतर हळूहळू तीन वर्षांपर्यंत. उलट्या दिशेने, म्हणजे गडदाकडून स्पष्ट फिक्याकडे, रंग जाऊ लागला तर नेत्रतज्ज्ञाला दाखवा.

वारशाचा विचार करत बसण्याआधी काही गोष्टी डोळ्यांआड होऊ नयेत.

बाळाचा डोळा निळसर-धुरकट दिसतोय, बुबुळ मोठं वाटतंय, पाणी गळतंय आणि उजेडात बाळ डोळे घट्ट मिटून घेतंय, तर तो निळा रंग नव्हे. जन्मजात काचबिंदूत पारदर्शक पटल सुजून असं दिसतं. 'किती मोठे, सुंदर डोळे' असं कौतुक होत राहतं आणि दरम्यान नस खराब होते. त्याच आठवड्यात दाखवायचं, पुढच्या लसीच्या तारखेची वाट बघायची नाही.

डोळे फिकट, केस-त्वचाही घरच्यांपेक्षा खूप उजळ, आणि बुबुळं सतत हलताहेत: वर्णहीनतेची तपासणी. यात मागचा गडद थरही फिका असतो. अंधाऱ्या खोलीत तपासताना बाहुलीतून गेलेला प्रकाश परितारिकेतून आरपार दिसतो. हे अप्रभावी वारशाने येतं, दोन्ही पालक वाहक (एक बिघडलेली प्रत बाळगणारे, पण स्वतः ठीक) असतील तर दर वेळी चारात एक. चष्म्याचा नंबर, उन्हाचा चष्मा आणि त्वचेची काळजी लवकर सुरू केली तर फायदा होतो.

एक किंवा दोन्ही डोळे लख्ख निळे आणि कपाळावर पांढरी बट: वार्डनबर्ग सिंड्रोमची शंका. इथे पहिलं काम कानांचं. जन्मजात बहिरेपणा असू शकतो, म्हणून ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या चाचण्या लगेच. याचे नेहमीचे प्रकार प्रभावी वारशाचे आहेत, एका पालकात असेल तर दर मुलाला निम्मी शक्यता. पण एकाच घरात कुणाला फक्त बट, कुणाला फक्त निळा डोळा, कुणाला बहिरेपणा असंही असतं, त्यामुळे नुसतं 'घरात कुणी बहिरं आहे का' विचारून भागत नाही.

दोन डोळ्यांचा रंग वेगळा असेल आणि फिक्या बाजूची पापणी किंचित उतरलेली, बाहुली लहान असेल, तर त्या बाजूच्या मज्जातंतूची तपासणी हवी.

पुनेटचौकोन
डॉक्टर, वंशावळ लिहून घेताना हमखास चुकतं ते काय?

डॉ_टॉर्च
आजोबा. 'आजोबांचे डोळे निळे होते' असं सांगतात, आणि खोदून विचारलं की कळतं ते सत्तरीनंतरचं. वयानुसार पारदर्शक पटलाच्या कडेला निळसर-पांढरं कडं येतं, त्यात पिकलेला मोतीबिंदू बाहुलीला राखाडी करतो. परितारिकेचा रंग तोच असतो. म्हणून तरुणपणचा रंग विचारा. जुना कृष्णधवल फोटो असेल तर बाहुली आणि तिच्या भोवतीचा भाग वेगळा ओळखू येतो का ते बघा. अगदी गडद डोळ्यांत दोन्ही एकच काळा ठिपका दिसतात.

(हेच कडं चाळिशीच्या आत दिसलं तर कोलेस्टेरॉल तपासून घ्या. विषयांतर, पण कामाचं.)

काचबिंदूचे काही थेंब, विशेषतः लॅटानोप्रोस्ट, महिन्यांच्या वापराने परितारिका गडद करतात आणि तो बदल सहसा परत फिरत नाही. घाऱ्या, मिश्र रंगाच्या डोळ्यांत जास्त. तेव्हा थेंब कधी सुरू झाले तेही विचारा.

आंबटगोड
आणि मधाचे थेंब घालून डोळे घारे होतात म्हणे, त्या व्हिडिओंचं काय?

डॉ_टॉर्च
जंतुसंसर्ग होतो. रंग तसाच राहतो.

कच्चाडेटा
ज्यांनी वंशावळीसाठी घरगुती डीएनए चाचणी केली आहे, त्यांच्यासाठी. कच्ची फाइल उतरवून घ्या, साध्या मजकूर-संपादकात उघडा आणि आरएस१२९१३८३२ शोधा. गुणसूत्र १५, आणि मानवी डीएनएच्या प्रमाण नकाशाच्या जुन्या ३७ क्रमांकाच्या आराखड्यात जागा २८३६५६१८. नव्या ३८ क्रमांकाच्या आराखड्यात हीच जागा २८१२०४७२ होते, त्यामुळे आकडा जुळला नाही तर घाबरू नका, फाइलच्या वरच्या ओळींत आराखडा कोणता ते लिहिलेलं असतं.

ए आणि जी ही अक्षरं डीएनएच्या दोन धाग्यांपैकी मुख्य धाग्यावरची. काही संशोधन-निबंध आणि काही अहवाल समोरच्या धाग्यावरून वाचतात, तिथे ए चा टी आणि जी चा सी होतो. 'टीसी' दिसलं तर ते 'एजी'च. उत्तराच्या जागी आडव्या रेघा असतील तर चाचणीच्या चिपला ती जागा वाचता आलेली नाही. त्याचा अर्थ 'जनुक नाही' असा काढू नका.

पुढची पायरी म्हणजे सहा जागांची आयरिसप्लेक्स पद्धत, २०११ मध्ये गुन्हे-तपासासाठी तयार झालेली. वर आलेल्या हर्क२, ओसीए२, एसएलसी२४ए४, एसएलसी४५ए२, टीवायआर, आयआरएफ४ मधली प्रत्येकी एक जागा घेऊन ती निळा, मधला आणि तपकिरी अशा तीन शक्यता देते. युरोपीय नमुन्यांत निळा आणि तपकिरी नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर येतात. मधल्या रंगांत ती अडखळते. आपल्याकडचे घारे नेमके तिथेच बसतात, म्हणून तिचं 'तपकिरी ८० टक्के' हे उत्तर आपल्या डोळ्यांवर ब्रह्मवाक्य म्हणून लावू नका.

पुनेटचौकोन
शिक्षकांसाठी एक. हा विषय वर्गात घेताना 'आईबाबांच्या डोळ्यांचा रंग लिहून आणा' हा गृहपाठ देऊ नका. दत्तक मुलं असतात, घरोघरी वेगळ्या गोष्टी असतात, आणि चौकोन चुकला की नसता संशय मुलाच्या डोक्यात बसतो.

त्याऐवजी वर्गातल्याच डोळ्यांच्या छटा मोजा. खिडकीजवळ उन्हाची थेट तिरीप नसेल अशी जागा. फ्लॅश बंद, चेहरा सुंदर करणारी सोय बंद. अंतर साधारण ३० ते ४० सेंमी. गालाशी पांढरा कागद धरा, म्हणजे सगळ्या फोटोंचा पांढरा एकसारखा करता येतो. संगणकावर बाहुलीची कड आणि परितारिकेची बाहेरची कड यांच्या मध्यावरचा लहान चौकोन निवडा, चमक पडलेली जागा टाळा, आणि सरासरी उजळपणा ० ते २५५ मध्ये नोंदवा. ३०-४० मुलांचे आकडे दहा-दहाच्या गटांत मांडले की दोन वेगळे ढीग न दिसता एक सलग पसरट ढीग दिसतो, गडदाकडे कललेला. बहुतेक चुका उजेडाच्या असतात: अर्धा वर्ग सकाळी आणि अर्धा दुपारी घेतला तर जे दोन ढीग दिसतात ते सूर्याचे.

कोकणकडा
एक शेवटचं. बायको घारी, नवरा काळ्या डोळ्यांचा, तीन मुलं झाली आणि तिन्ही काळ्या डोळ्यांची. चौथ्या वेळी घारं होण्याची शक्यता वाढते का?

पुनेटचौकोन
वाढत नाही. नवऱ्याच्या घरचं काही माहीत नसेल तर उलट घटते. बायको 'जीजी' धरू. ७ टक्क्यांच्या हिशेबाने नवरा वाहक असण्याची शक्यता सुरुवातीला १३ टक्के होती. वाहक असता तर तिन्ही मुलं गडद होण्याची शक्यता १/८. हे धरून पुन्हा हिशेब केला की तो वाहक असण्याची शक्यता जेमतेम १.८ टक्के उरते, आणि चौथं मूल 'जीजी' असण्याची ०.९ टक्के.

पण नवऱ्याची आई 'जीजी' आहे हे पक्कं माहीत असेल, तर तो वाहक आहेच. मग आधीची तीन मुलं कशीही असोत, चौथ्याला निम्मी शक्यता.

परितारिका
आणि बायको 'घारी' म्हणजे 'जीजी'च, हे वरच्या दोन्ही उत्तरांत गृहीत धरलेलं आहे. ती 'एजी' असून बाकीच्या जनुकांमुळे घारी दिसत असेल, तर तिच्याकडून 'जी' जाण्याची शक्यताच निम्मी होते, म्हणून दुसऱ्या उत्तरातला निम्म्याचा आकडा चारात एकवर येईल. पहिला मात्र उलट ०.९ वरून सुमारे १.५ टक्क्यांवर जाईल, कारण अशा बायकोची तीन मुलं गडद झाल्यावरून नवरा वाहक नाही असं तितक्या जोरात म्हणता येत नाही. खटक्याची चाचणी केल्याशिवाय नुसतं बघून हा फरक सांगता येत नाही.